नवव्या दिवशीच्या नूडल्स

शांतारामअण्णा गेले त्याला आज नववा दिवस होता, आणि इतक्या दिवसांत त्यांच्या पालघरजवळच्या माहीमच्या घरात फोडणीचा आवाज झाला नव्हता. कढईत तेल पडलं नव्हतं, मोहरी तडतडली नव्हती, लसणाची सोललेली पाकळी कुणाच्या दृष्टीला पडली नव्हती. सुतकाचा हा कायदा थोरल्या मुलीनं, दीपालीनं केला होता. ती विरारहून आली तीच मुळी एका हातात बॅग आणि तोंडात नियम घेऊन. वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली, चपातीला तेलाचं बोट नाही. आणि हे सगळं करायचं मात्र मंदानं. मंदा घरची थोरली सून होती, आणि दीपालीच्या मते सुनेला सुतक असतं, थकवा नसतो.

भेटायला येणारी माणसं आधी मधल्या खोलीत डोकावत. तिथे मंदाच्या सासूबाई, गोमतीआई, भिंतीला टेकून बसलेल्या असत. त्यांच्याकडे पाहून माणसं "च्च" करत आणि ओटीवर दीपालीसमोर येऊन बसत. खरं दुःख तिथे मिळे.

"अण्णांनी जन्मात गाडीवरचं काही तोंडात घातलं नाही," दीपाली सांगत होती. "समाजाच्या मेळाव्यात काय बोलले होते, आठवतं ना काका? म्हणाले, ज्या दिवशी आपल्या नाक्यावर चायनीजची गाडी लागेल, त्या दिवशी समाज बुडाला समजा."

"गाडी तर लागली की," भगवंतकाका म्हणाले. ते अण्णांचे चुलतभाऊ, आणि अण्णांच्या मागे समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होण्याची वाट बघत असलेले. "झाली दोन वर्षं."

"तेच म्हणते मी. बुडालाच."

मंदा स्वयंपाकघरात दुधी उकडत होती. तिला अण्णांची खरंच आठवण येत होती. पण त्या आठवणीत दुधी सारखा मध्ये येत होता.

काल संध्याकाळी, म्हणजे आठव्या दिवशी, घरात एक बैठक झाली होती. विषय आईंचा होता. अण्णांमागे आईंनी कुणाकडे राहायचं? धाकटा कमलेश तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि बोईसरला फ्लॅटमध्ये राहायचा. तो म्हणाला, "आमचा तिसरा माळा. लिफ्ट नाही. आईचे गुडघे बघता मला धीर होत नाही." त्याच्या बायकोनं, मोनालीनं, डोळ्यांत पाणी आणून मान हलवली. आईंच्या गुडघ्यांची काळजी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटत होती.

दीपालीनं निःश्वास टाकला. "मी तर आजच घेऊन गेले असते. पण मुलीच्या घरी आई ठेवली तर लोक माझ्या भावांच्या तोंडात शेण घालतील. आणि आपली मंदा आहेच की."

मंदा आहेच. मोरी आहेच, पाटा-वरवंटा आहेच, तशी मंदा आहेच. मंदाचा नवरा शैलेश, तिघांतला मधला, सुपारी कातरत बसला होता. शैलेश सहसा बोलत नसे. वाडीतल्या चिकूंशी आणि पानवेलींशी त्याचं बरं जमायचं, कारण त्यांना उत्तराची अपेक्षा नसते.

पण आज सकाळी चहाच्या वेळी तोच शैलेश आपणहून बोलला.

"वाडी आईच्या नावावर आहे," तो म्हणाला.

कमलेशचा कप ओठांपाशी थांबला. "कसली वाडी?"

"आपली. चिकूची, नारळाची, सगळीच. अण्णांनी चार-पाच वर्षांपूर्वी केली. मी होतो बरोबर."

"आणि हे तू आत्ता सांगतोस, दादा?"

"कुणी विचारलं नाही," शैलेश म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतर घरातलं वारंच फिरलं. केळव्याचा एक रिसॉर्टवाला रस्त्याकडेच्या चिकूच्या तुकड्यावर डोळा ठेवून होता आणि कमलेश त्याच्याबरोबर दोनदा चहा प्यायला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपर्यंत कमलेशच्या इमारतीत लिफ्ट मंजूर झाली. जेवणं होईपर्यंत ती जवळजवळ बसलीसुद्धा. मोनालीला आठवलं की हॉलमध्ये आईंसाठी पलंग लावायला खिडकीशी छान जागा आहे. दीपाली मागे राहणारी नव्हती.

"आता काळ बदललाय," ती म्हणाली. "कायद्यानं मुलगा-मुलगी सारखे. मग आईला सांभाळायचा हक्कसुद्धा सारखाच."

"काल तर तू म्हणत होतीस, ताई, लोक शेण घालतील."

"ते जुने लोक. गेले ते."

"काल संध्याकाळपासून?"

"कमलेश, सुतकात थट्टा करू नये."

मग दोघं आईंच्या दोन बाजूंना जाऊन बसले. एकानं पाय चेपायला घेतले, दुसरीनं पाठ. आईंनी डोळे मिटून घेतले. मंदा दारातून बघत होती. तिला राग आला, पण त्या दोघांचा नाही. त्यांच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. ती शैलेशला मागच्या पडवीत घेऊन गेली.

"तुम्ही एकदा बोलत का नाही? आई इथंच राहणार म्हणून?"

"बघू," शैलेश म्हणाला.

"आणि मला कुणी विचारणार आहे की नाही?"

शैलेशला मनापासून नवल वाटलं. "तुला? तुला काय विचारायचं?"

त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. पाडाला आलेल्या नारळाला, तू याच झाडावर राहणार का, असं कुणी विचारतं का? मंदानं पळी कट्ट्यावर ठेवली, साडी बदलली आणि कापडी पिशवी घेतली.

"कुठे चाललीस?" मधल्या खोलीतून आईंनी विचारलं.

"पालघरला. उद्या दहाव्याला तीळ, दर्भ, पत्रावळी लागतील."

आईंनी तिच्या बदललेल्या साडीकडे पाहिलं. "जा. सावकाश ये. घाई करू नको."

पालघरच्या बाजारात मंदाची खरेदी चटकन आटोपली. परतीची बस उभी होती. तिच्या शेजारी बोईसरची उभी होती. मंदा दोन्ही बसगाड्यांकडे बघत थांबली, आणि अचानक तिच्या पोटात एक अशी भूक उठली की तिला तिची लाजच वाटली. ही भाताची भूक नव्हती. मोठ्या आचेवर तापलेल्या लोखंडी कढईची, लसणाच्या जाळाची, जिभेला चटका बसेल अशा तिखटाची ती भूक होती.

गेल्या वर्षी दिशाला, तिच्या लेकीला, तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा तिनं आईला बोईसरला एका गाडीवर नेऊन नूडल्स खाऊ घातल्या होत्या. घरी येऊन मंदानं सांगितलं होतं, देवळात गेलो होतो. पालघरातही अशा गाड्या होत्या, पण पालघरात प्रत्येक दुसरा माणूस अण्णांना ओळखणारा. बोईसर म्हणजे कामगारांचं गाव. बिहारपासून ओडिशापर्यंतची माणसं. तिथे माहीमच्या सुनेला कोण ओळखणार? ती बोईसरच्या बसमध्ये चढली.

ती गाडी नवापूर रस्त्याला होती. मासवणकडची नवसी आणि तिचा नवरा जिवल्या ती चालवायचे. लाल रंगाच्या पत्र्यावर रंगाऱ्यानं ड्रॅगन काढला होता. रंगाऱ्यानं ड्रॅगन कधी पाहिला नसावा, पण बोंबील पाहिला होता, हे उघड होतं. पहिली पाळी सुटून तासभर झाला होता, तरी कंपनीचे शर्ट घातलेली माणसं गाडीभोवती दाटीनं उभी होती. इथली हाफ प्लेट वडापावच्या जोडीपेक्षा थोडी महाग आणि दोघांना पुरून उरेल एवढी. "दीदी, एक हाफ, तीखा ज्यादा" असं म्हणत माणसं पुढे सरकत होती. हवेत कुठल्यातरी रसायनाचा आंबूस वास होता, तो जिवल्याच्या कढईपाशी आला की हार मानायचा.

"बाय, आत बसा, जागा हाय," नवसीनं ताडपत्रीच्या आडोशाकडे बोट केलं. आत लाल प्लॅस्टिकची स्टुलं होती. मंदानं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि एक हाफ मागवली.

जिवल्यानं कढई उचलली, खाली जाळ भडकला, कोबी आणि गाजर हवेत उडून परत आलं. पहिला घास मंदानं डोळे मिटून घेतला. तिखट मेंदूपर्यंत गेलं. तिला वाटलं, आपण नऊ दिवसांनी शुद्धीवर येतोय.

तेवढ्यात ताडपत्रीच्या पलीकडून आवाज आला.

"अंडं घालू नकोस हं, आमचं सुतक आहे. कांदा? कांदापण नको. बरं, थोडा घाल. लसूण चालेल, लसूण औषधी असतो. आणि ते लाल लाल काय आहे? तेही घाल."

हा आवाज मंदानं झोपेतही ओळखला असता. ताडपत्री बाजूला झाली आणि दीपाली आत आली. तोंडाला ओढणी, डोळ्यांना गॉगल, हातात वाफाळती फुल प्लेट. ती मंदाच्या समोरच्या स्टुलावर बसली, ओढणी सोडली, काटा नूडल्समध्ये खुपसला आणि मग वर पाहिलं.

"मंदा!"

"वन्सं."

"तू पालघरला गेली होतीस ना? तिळाला?"

मंदानं पिशवी उचलून तीळ दाखवले. "आणि तुम्ही तर दाताच्या डॉक्टरकडे जाणार म्हणत होतात."

"त्यांनीच सांगितलं, मऊ खा म्हणून." दीपालीनं एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा मंदाकडे, आणि तिच्यातली थोरली बहीण जागी झाली. "पण तुला लाज कशी नाही वाटली? सून आहेस तू. तुला दहा दिवसांचं सुतक. मला काय, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं असतं. माझं कधीच फिटलं."

"मग नऊ दिवस घरात फोडणी कशासाठी बंद केलीत?"

"तुमचं सुतक नीट व्हावं म्हणून!" दीपाली म्हणाली आणि पहिला घास तोंडात कोंबला. तिखट लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या नऊ दिवसांत मंदानं ते पहिल्यांदा पाहिलं.

दोघी खाऊ लागल्या. निम्मी ताटली संपली तेव्हा दीपालीचा आवाज मवाळ झाला होता. "हे बघ मंदा, आपण दोघी बायका. मी तुला आतलं सांगते. आई माझ्याकडे आली तर वाडी सुरक्षित राहील. कमलेशकडे गेली की रिसॉर्ट झालाच म्हणून समज. तू उद्या चार लोकांत एवढंच म्हण की मला आता होत नाही. बाकी मी बघते."

मंदा काही बोलणार तोच ताडपत्री परत हलली. आधी ट्रिपल शेजवानची भलीमोठी थाळी आत आली, मग ती धरलेला कमलेश, आणि मागे मोनाली. दोघं फ्लॅटवरून धुतलेले कपडे आणायला म्हणून निघाले होते.

कुणीच कुणाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कमलेशनं स्टूल ओढलं आणि म्हणाला, "मोनालीचा बीपी लो झाला होता."

"तिखटानं वाढतो," मोनाली म्हणाली.

"वाढतो," दीपालीनं न्यायाधीशासारखी मान डोलावली. "बसा."

चौघं गोल करून बसली. पहिली काही मिनिटं घरात कधी नव्हती एवढी एकी तिथे नांदत होती. मोनालीनं दीपालीला चटणी दिली. दीपालीनं कमलेशला पाणी दिलं. पण पोटात ऊब गेली तसा कमलेशही मंदाकडे सरकला.

"वहिनी, ताईनं तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल. तिचं मनावर घेऊ नका. आई आमच्याकडे असली की तुम्ही सुटाल. रस्त्याकडचा तुकडा दिला म्हणजे सगळी वाडी दिली असं थोडंच आहे? तुम्ही उद्या फक्त म्हणा, मला आता होत नाही."

मंदाला हसू आलं. भाऊ-बहिणीचं तोंड एकमेकांविरुद्ध, पण वाक्य मात्र एकच.

"आईंना विचारलंत?" ती म्हणाली.

"तिला काय विचारायचं!" दोघं एकदम म्हणाले.

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. नवसीचा आवाज आला, "दिशाताई, आज आजीला घेऊन आल्यात? थांबा, आत जागा करते." ताडपत्री पूर्ण वर झाली. दिशा उभी होती, आणि तिच्या दंडाला धरून, पांढऱ्या साडीवर दिशाचं जॅकेट घातलेल्या गोमतीआई.

सगळे ताडकन उभे राहिले. दीपालीनं ताटली स्टुलाखाली सरकवली. कमलेशनं थाळी पाठीमागे धरली, तिच्यातून शेजवानचा एक ओघळ त्याच्या पँटवर उतरला. "मी आजीला बीपी दाखवायला..." दिशानं सुरुवात केली, मग मंदाच्या हातातला काटा पाहिला आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं.

आई हळूहळू मंदाच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "दीपे, ते खाली ठेवलेलं उचल," त्या म्हणाल्या. "कुत्रं तोंड घालील."

दीपालीनं ताटली उचलली.

"आई, तू सुतकात उंबरठा ओलांडलास? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? हे?" आईंनी बाहेरच्या कंपनीच्या शर्टांकडे पाहिलं. "यांना भूक हाय. यांना येळ नाय माझ्याकडे बघायला. बाय, मला बी एक दे गं. तोडून दे. दात नायत मला."

नवसीनं कात्रीनं बारीक केलेल्या नूडल्स आणून दिल्या. आईंनी चमच्यानं एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. चौघं निकालाची वाट बघावी तशी उभी.

"या तर शेवयाच," आई म्हणाल्या. "तिखटाच्या. त्यांना गोड शेवया आवडायच्या. जन्मभर गोडच करीत आले मी. मला गोड कधी आवडलं नाय. पण घरात कोण विचारतो, बायेला काय आवडतं म्हणून?"

बोलता बोलता त्यांनी जॅकेटच्या बाहीनं डोळे पुसले. अण्णा गेल्याचं खरं दुःख त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या तरी बोलण्यात आलं होतं. मंदानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कमलेशला मात्र ही संधी वाटली.

"म्हणूनच म्हणतो आई, तू आमच्याकडे चल. तुला हवं ते रोज..."

"गप रे. लिफ्ट नाय तुझ्याकडे." आईंनी अजून एक घास घेतला. "नऊ दिस मी भिंतीला पाठ लावून बसलीय. तुमाला वाटतं, हिला दुःख झालंय म्हणजे हिला ऐकू येत नाय. काल मी कुणालाच नको होते. आज सगळ्यांना पायजे. माझे गुडघे एका रातीत बरे झाले वाटतं."

कमलेशनं पँटवरचा डाग पुसायला घेतला.

"मी कुणाकडे राहायचं, म्हणे. अरे, घर माझं, वाडी माझी. मी कशाला कुठे जाऊ? तुमी सांगा, माझ्याकडे येऊन कोण राहणार हाय."

बाहेर जिवल्याचा झारा कढईवर आपटला. कमलेशला आपली पाळी आठवली. मोनालीला मुलाची दहावी आठवली. दीपालीला विरारचा संसार आठवला, जो गेले नऊ दिवस तिच्या ध्यानात नव्हता.

"मंदा आहेच की," सवयीनं ती म्हणून गेली.

"मंदाला मी अजून विचारलं नाय." आईंनी चमचा खाली ठेवला आणि सुनेकडे वळल्या. "मंदा, इतकी वर्सं झाली तुला या घरात येऊन. मीबी तुला कधी विचारलं नाय. आता विचारते. तुला काय पायजे?"

मंदा मनात शोधू लागली. वाडी हवी? ती तिची होतीच, रोज पहाटे झावळ्या गोळा करताना. मोठेपणा हवा? त्याचं काय करायचं असतं, तिला ठाऊक नव्हतं. शेजवान चटणीनं नाक वाहत होतं ते एक बरं झालं. पदरानं चेहरा पुसायला कारण मिळालं.

"मला," ती म्हणाली, "महिनाभर कुणाच्या पोटाची काळजी करायची नाही आई. कुणाच्याच. दिशाच्या बोईसरच्या खोलीवर जाऊन राहीन म्हणते."

"आई, तिथे आम्ही तिघी आहोत," दिशा गडबडली. "जमिनीवर गाद्या टाकतो."

"चालेल."

"मग जा," गोमतीआई म्हणाल्या. "तेरावा झाला की जा."

"पण आई, तुमचं..."

"तिघं जण हायेत माझी. पाळी लावतील."

"हे बरं आहे!" दीपाली उसळली, आणि पहिल्यांदाच कमलेशकडे आपला माणूस असल्यासारखं पाहिलं. कमलेशनंही तशीच मान हलवली. सकाळपासून एकमेकांचे गळे धरणारी बहीणभावंडं एका क्षणात एका बाजूला झाली. मोनाली मात्र त्यांना सोडून मंदाच्या बाजूला येऊन बसली.

"दिशा," तिनं हळूच विचारलं, "अजून एक गादी बसेल का गं?"

मंदाचा फोन वाजला. शैलेश होता. तिनं स्पीकर लावला.

"घरात कुणीच नाही," शैलेश म्हणाला. "भगवंतकाका आणि मंडळाची माणसं आलीत, उद्याचं ठरवायला. सगळे कुठे गेले विचारतायत. काय सांगू?"

"आई डॉक्टरकडे," दीपाली फोनवर ओरडली.

"आम्ही कपडे आणायला," कमलेश.

"मी तिळाला," मंदाच्याही तोंडून निघालं.

गोमतीआईंनी फोन आपल्याकडे ओढला. "शैलेश, सांग, सगळी नूडल्स खायला गेलीत. बोईसरला."

शैलेशनं आयुष्यात खोटं असं कधी सांगितलं नव्हतं. तो गप्प बसून भागवायचा. पण समोर मंडळ बसलं होतं, आणि गप्प बसायची सोय नव्हती.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन तसाच चालू असताना त्यांना ऐकू आलं, "काका, ती सगळी नूडल्स खायला गेलीत. आईपण."

दीपालीनं ओढणी परत तोंडाला बांधली.

दिवेलागणीला सगळे माहीमला पोचले तेव्हा ओटीवर पाच माणसं अजून बसलेली होती. एवढी मोठी बातमी अर्धवट टाकून उठणं कुणालाच जमलं नव्हतं. शैलेशनं त्यांना चहा करून दिला होता. त्यात साखर दोनदा पडली होती, पण आजच्या दिवशी त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"गोमतीवहिनी," भगवंतकाका घसा खाकरून म्हणाले, "शैलेश म्हणतो ते खरं?"

"खरं."

"अण्णांचे दिवस चालू असताना? अण्णांच्या घरात?"

"घरात नाय. बोईसरला." आई उंबरठ्यावर थांबल्या. "तुमाला काय बोलायचं ते मला बोला. पोरांना मी घेऊन गेले होते."

हे साफ खोटं होतं. दीपालीनं चमकून आईकडे पाहिलं, आणि कुणी काही बोलण्याआधीच ओढणी डोळ्यांना लावून ती लगबगीनं आत गेली. मंदाला पहिल्यांदा तिची थोडी कीव आली.

मंडळाची माणसं पेचात पडली. अशा गुन्ह्याला काय करायचं, याचा ठराव आजवर झालेला नव्हता. शेवटी भगवंतकाका उठले, चपला पायांत सरकवल्या, आणि दारापाशी शैलेशजवळ वाकून म्हणाले, "बोईसरला म्हणजे नक्की कुठे?"

दहावा झाला, तेरावाही झाला. दोन्ही दिवशी दीपालीनं कुणाला कसलाही नियम सांगितला नाही, आणि त्यानं घर इतकं शांत झालं की पाहुण्यांना खरंच कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. पाळीचं वेळापत्रक बसवताना तिचं आणि कमलेशचं तीनदा भांडण झालं. पहिला आठवडा दीपालीकडे आला, आणि कपडे आणायला म्हणून ती तेराव्याच्या संध्याकाळीच विरारला गेली. मोनालीची गादी कमलेशनं होऊ दिली नाही. तिनं त्याच्याशी बोलणं बंद केलं, आणि दोघांनाही त्यातून बरीच विश्रांती मिळाली. रिसॉर्टवाल्याला आईंनी एकदा घरी बोलावलं, चिकू खायला दिले आणि वाडी कशी जपायची याबद्दल संध्याकाळपर्यंत ऐकवलं. तो पुन्हा आला नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी मंदा बॅग घेऊन निघाली. आई दारापर्यंत आल्या. "महिन्यानं मला सांग, यायचं का नाय ते," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून येऊ नको."

बॅग शैलेशनं उचलली होती. नाक्यापर्यंत तो तिच्यापुढे दोन पावलं चालत राहिला. बस आली, मंदा खिडकीशी बसली. बॅग वर ठेवून तो खाली उतरला आणि खिडकीखाली उभा राहिला.

"तिथे जेवायचं काय करशील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मंदा," तो म्हणाला, "परत येशील ना?"

इतक्या वर्षांत त्यानं तिच्या मनाबद्दल विचारलेला, आणि ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं असा, हा पहिलाच प्रश्न.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

बस हलली. शैलेशनं हात वर केला आणि तो तसाच वर धरून राहिला. पुढे वळणावर टेम्पो आडवा आला म्हणून बस जरा थांबली. मंदानं खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. वर धरलेला हात बघून पालघरची एक शेअर रिक्षा शैलेशपुढे येऊन थांबली होती.

"बसताय ना काका?" रिक्षावाला विचारत होता.

"नाही," शैलेश म्हणाला. त्यानं हात खाली घेतला. "घरी आई एकटी आहे. तिला काय खायचंय, ते विचारायचंय."